लाल पांडाच्या पिल्लासाठी दोनच तिकिटं

मी तिकिटं दोनच काढली होती. एक मोठ्या माणसाचं आणि एक लहान मुलाचं. हे मुद्दाम केलं होतं. पुढे वाचणाऱ्यांना ते आधीच माहीत असलेलं बरं.

वेलिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात नाताळच्या सुमारास लाल पांडाला पिल्लू झालं. माझी मुलगी मुग्धा ख्राइस्टचर्चला फार्मासिस्ट आहे. तिने पिल्लाचा व्हिडिओ मला नाशिकला पाठवला आणि खाली लिहिलं, "ईरा दिवसातून वीस वेळा बघते." ईरा म्हणजे माझी नात. मी लगेच संगणकावर बसले आणि तिथले सगळे नियम वाचून काढले. पिल्लू पहिले तीन महिने घरट्याच्या पेटीतून फारसं बाहेर येत नाही. एप्रिलपासून रोज सकाळी चार जणांना कीपरबरोबर कुंपणाच्या आत सोडणार होते. मूल चार वर्षं पूर्ण झालेलं हवं आणि सोबत एक मोठं माणूस हवं. ईराला मार्चमध्ये चार पूर्ण होणार होती. मी आधी पांडाची वेळ नक्की केली, मग विमानाचं तिकीट काढलं आणि मग व्हिसाचा अर्ज केला. हा क्रम कोणी गिरवू नये. व्हिसा येईपर्यंत माझ्या जिवाला घोर लागला होता.

पांडा म्हटल्यावर काळापांढरा, गलेलठ्ठ, बांबू खात बसलेला प्राणी डोळ्यांसमोर येतो. तो हा नव्हे. तो न्यूझीलंडात नाहीच. लाल पांडा मांजरापेक्षा थोडा मोठा असतो, अंगाने तांबूस, शेपटी झुबकेदार आणि पट्ट्यापट्ट्यांची. सिक्कीम-दार्जिलिंगकडच्या डोंगरांतला हा प्राणी. म्हणजे घराणं आपल्याकडचं आणि जन्म तिकडचा. आमच्या ईराचंही तेच.

आता तिकिटं दोनच का, ते सांगते. ईराच्या घरात एक आजी आधीच आहे. शैलाताई, माझ्या विहीणबाई. ईरा त्यांना 'आजी' म्हणते. मला 'फोनआजी' म्हणते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मुग्धाला नाशिकला येणं शक्य नव्हतं, तर माहेराने ख्राइस्टचर्चला जायचं, एवढाच काय तो फरक होता. पण त्याच महिन्यात बारावीच्या परीक्षेचं केंद्र माझ्याकडे होतं. निवृत्तीच्या आधीची शेवटची परीक्षा. मी परीक्षा निवडली. शैलाताई सांगलीहून पंधरा दिवसांत ख्राइस्टचर्चला पोचल्या, विमानतळावर डिंकाचे लाडू रीतसर जाहीर करून सोडवून घेतले, सुनेचं बाळंतपण केलं आणि मग परत गेल्याच नाहीत. त्यांची चूक काहीच नाही. राग तरी येतो.

बेत असा होता की मुग्धा गाडी चालवेल आणि आम्ही तिघी जाऊ. निघायच्या दोन दिवस आधी मुग्धाच्या दुकानातली दुसरी फार्मासिस्ट आजारी पडली आणि हिची रजा गेली. जावई केदारराव बांधकामाच्या साइटवर अडकलेले.

"आई, त्यात काय? शैलाआई नेतील की," मुग्धा म्हणाली. "त्या नेल्सनपर्यंत एकट्या गाडी चालवत गेल्यात."

शैलाताईंनी साठीनंतर हॉर्नबी या उपनगराच्या रस्त्यांवर गाडी शिकून परवाना मिळवला आहे. मी एम.एस्सी. आहे. मला सायकल येते.

"तुम्ही काळजी करू नका सुनंदाताई," त्या म्हणाल्या. "तुमची तिकिटं तुमचीच. मी बाहेर बसेन, चहा पिईन."

असं कोणी म्हणालं की भांडायलाही जागा उरत नाही.

पहिला दिवस: ख्राइस्टचर्च ते वेलिंग्टन

सकाळी सहाला निघालो. पिक्टन बंदर साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे आणि फेरी दुपारी दोनची होती. फेरीच्या तासभर आधी गाडी रांगेत लावावी लागते. नकाशा साडेचार तास दाखवतो, लहान मूल बरोबर असेल तर सहा धरा. पेट्रोल शहरातच भरून घ्या. शैलाताईंनी पंपावरच्या माणसाशी दोन मिनिटं गप्पा मारल्या आणि निघताना त्याला "स्वीट अ‍ॅज!" म्हणाल्या, म्हणजे तिकडचं 'झकास'. पायात मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मी मुद्दाम मागे, ईराच्या शेजारी बसले होते. सहा तास हातात होते. मी गोष्टी तयार करून आणल्या होत्या. पण ईराची नजर सारखी पुढच्या आरशात. आरशात शैलाताईंचे डोळे दिसत होते आणि त्या दोघींचा भुवया उडवायचा काही खेळ चालला होता. माझ्या गोष्टीतला कोल्हा विहिरीपाशी येऊन ताटकळत राहिला.

कायकोराला नाश्ता केला. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला बर्फाच्या टोप्या घातलेले डोंगर, दोन्ही एकदम. इथे थांबलंच पाहिजे. गावात समुद्रातले शेवंडे मिळतात आणि ते महाग आहेत. आम्ही शाकाहारी, त्यामुळे प्रश्न नव्हता. मी पहाटे उठून दुधातल्या दशम्या केल्या होत्या. शैलाताईंनी थालीपीठ आणलं होतं. पीठ मी नाशिकहून आणलेल्या भाजणीचं, हे नोंदवून ठेवते. ईराने दोन थालीपीठं खाल्ली आणि दशमीचा एक तुकडा चाखून परत डब्यात ठेवला.

"आवडली नाही का गं?" मी विचारलं.

"इट्स ओके," ती म्हणाली. "आजीज इज यमी."

कायकोराच्या पुढे अर्ध्या तासावर रस्त्यालगत गाडी थांबवायला जागा आहे. खाली खडकांवर सीलांचा मुक्काम असतो. वास उग्र, पण दृश्य फुकट. ईरा ओरडली, "आजी, लुक! बेबीज!" मी उत्साहाने "कुठे?" म्हणून वाकले. तिने माझ्या अंगावरून हात लांब करून शैलाताईंची ओढणी ओढली होती.

फेरीवर मात्र माझे दिवस आले. साडेतीन तासांचा प्रवास, पहिला तास अरुंद खाडीतून, दोन्हीकडे हिरवे डोंगर, पाणी शांत. मग सामुद्रधुनी लागते आणि बोट हलायला लागते. शैलाताई पांढऱ्या पडल्या.

"मला बोट लागते हो," त्या म्हणाल्या. "मी जरा आडवी होते. तुम्ही बघाल ना तिच्याकडे?"

मला बरं वाटलं. लिहिते, कारण खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

ईराला घेऊन मी वरच्या डेकवर गेले. तिथून खाली, खेळायच्या खोलीत. तिथून परत वर. जिने लोखंडी आणि उभे आहेत. वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. अकरा वेळा चढलो, अकरा वेळा उतरलो. ती माझा हात धरून हसत होती आणि माझे गुडघे काय म्हणत होते ते मी ऐकून घेतलं नाही. बाराव्या वेळी मधल्या पायरीवर ती थांबली.

"फोनआजी, कॅन वी गो टू आजी नाऊ?"

गेलो. शैलाताई डोळे मिटून पडल्या होत्या. ईरा त्यांच्या पोटाशी शिरली आणि दोन मिनिटांत झोपली. मी समोरच्या खुर्चीवर बसले. गुडघे तेव्हा दुखायला लागले.

दुसरा दिवस: पांडा

मोटेल प्राणिसंग्रहालयापासून दहा मिनिटांवर निवडलं होतं. वेलिंग्टनचे रस्ते चढाचे आहेत आणि वारा कायमचा. छत्री नेऊ नका, उलटी होते. टोपीला नाडी हवी.

सकाळी आंघोळ केली, गुडघ्यांना बाम चोळला, सलवार-कुर्ता घातला आणि नाश्त्याच्या टेबलावर नियमांचा कागद उघडला. मी तो छापून आणला होता.

"अत्तर, पावडर, वासाचं तेल, काहीही लावायचं नाही," मी वाचून दाखवलं. "आईजवळ लहान पिल्लू आहे. तिला अनोळखी वास चालत नाही. शैलाताई, तुम्ही चंदनाची पावडर लावता."

"मी कुठे आत जाणारे?" त्या म्हणाल्या.

"ईरा तुमच्या मांडीवर बसते."

त्या मुकाट्याने उठल्या, मान आणि हात धुऊन आल्या. ईराच्या खिशातली ओठांना लावायची स्ट्रॉबेरीची कांडी मी काढून घेतली. ती रडली. नियम म्हणजे नियम.

गाडीत शैलाताईंनी खिडकी पूर्ण खाली केली. बाहेर बोचरा वारा.

"बंद करा ना," मी म्हटलं. "पोरगी गारठेल."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. काही म्हणणार असं वाटलं. मग खिडकी वर केली.

बरोबर दहाला फाटकापाशी आमच्यासाठी कीपर आली. पंचविशीतली, गुडघ्यापर्यंत बूट, हसरी. "किया ओरा! लहान पाहुणी कोण? आणि आजी?" तिने माझ्या छातीवर माझ्या नावाचा गोल कागद चिकटवला, ईराच्या छातीवर ईराच्या. दुसरं एक जोडपं होतं. ईराने माझं बोट धरलं. आपणहून. त्या क्षणासाठी मी नाशिकपासून आले होते.

कीपर नियम सांगू लागली आणि मधेच थांबली. तिने नाक किंचित वर केलं.

"कुणी काही लावलंय का? मेंथॉलसारखं काही?"

मी ताबडतोब वळून शैलाताईंकडे पाहिलं. त्या कुंपणाबाहेर, वीस पावलांवर, बाकावर बसलेल्या. तिथून कुणाचाही वास येणं शक्य नव्हतं.

मग मला कळलं.

बारा वर्षं मी रोज सकाळी गुडघ्यांना बाम चोळते, जसे दात घासते तसा. माझ्या नाकाला तो वास येणं कधीच बंद झालंय. निलगिरी, कापूर, पुदिना. मी कीपरला इंग्रजीत फक्त "नीज," म्हटलं आणि गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

ती फार सौम्यपणे बोलली. पिल्लू नुकतंच बाहेर यायला लागलंय. आईला शंका आली की ती त्याला मानेला धरून उचलते आणि एका पेटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नेत राहते. कधीकधी दिवसभर. पिल्लू दमून जातं. हा धोका घेता येत नाही.

"आत जायला किती वेळ आहे?" मी विचारलं.

"दहा मिनिटं."

मी स्वच्छतागृहात गेले. सलवार वर सरकवली आणि हात धुवायच्या साबणाने, बर्फासारख्या पाण्याने दोन्ही गुडघे घासले. एक बाई मुलाला घेऊन आत आली, पाहिलं आणि पुन्हा बाहेर गेली. हजारो मुलांची कॉपी पकडलेली बाई मी. केंद्रावर माझ्या चपलांचा आवाज आला की वर्ग गप्प व्हायचे. मी कागदी रुमालांचा गठ्ठाच्या गठ्ठा संपवला. गुडघे लाल झाले. बाम आपल्या जागी राहिला. थंड पाण्याने तो उलट जास्तच झोंबू लागला.

परत आले तेव्हा कीपरने लांबूनच मान हलवली. "सॉरी, लव्ह. पण दुसऱ्या आजी आहेत ना? त्या जातील. नो वरीज."

शैलाताई उठून उभ्या राहिल्या होत्या. "मी नाही जात. हे बरं नाही. आपण ईरासाठी उद्याचं काही मिळतंय का विचारू."

"उद्याची फेरी आहे. जा तुम्ही."

"सुनंदाताई…"

"जा म्हटलं ना. वेळ चाललाय."

कीपरने एका हाताने अलगद माझ्या नावाचा कागद काढला आणि शैलाताईंच्या स्वेटरवर चिकटवला. त्या माझं नाव लावून आत गेल्या. ईराने फाटकातून मागे वळून पाहिलं.

"फोनआजी, आर यू नॉट कमिंग?"

"मला परवानगी नाही," मी म्हटलं. "तू नीट बघून ये."

मी बाहेरच्या लाकडी मचाणावर उभी राहिले. तिथून सगळ्यांनाच पांडा दिसतात असं म्हणतात. मला एका फांदीवरून लोंबणारी पट्ट्यांची शेपटी दिसली आणि खाली दोन पाठी दिसल्या, एक मोठी, एक छोटी. छोट्या हातात नाशपातीची फोड. मोठ्या हाताने तो हात खालून धरलेला. वीस मिनिटं. मी घड्याळ पाहत होते. शेपटी तीन वेळा हलली. ओल्या सलवारीतून वारा जात होता. मनात जे जे आलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्यात डिंकाचे लाडू होते, जँडल्स होत्या, आणि 'मी बाहेर बसेन, चहा पिईन' हे वाक्य होतं.

फाटक उघडलं. ईरा बाहेर पडताच वर शैलाताईंकडे बघून सांगायला लागली, "आजी, द बेबी, इट वॉज सो…"

"पाहिलं ना गं मी," शैलाताई म्हणाल्या. "मी तिथेच होते की."

ईरा थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मग सुसाट धावत मचाणाकडे आली.

"फोनआजी! यू डिडन्ट सी! यू डिडन्ट सी एनीथिंग!"

"नाही दिसलं. काय झालं?"

"सिट," तिने हुकूम केला. मी पायरीवर बसले. ती समोर उभी राहिली. "बाळ आहे ना, ते एवढुसं. त्याचे इअर्स पांढरे. ते ना, खाली येत होतं असं, बम फर्स्ट," तिने पाठमोरी होऊन दाखवलं. "अँड देन इट स्लिप्ड! अँड देन आई केम."

"कुठून आली आई?"

"वरून! फास्ट! तिने ना, त्याला इथे धरलं," तिने स्वतःच्या मानेला हात लावला, मग तो पोचेना म्हणून माझी मान मागून पकडली. चिकट, नाशपातीचा हात. "असं. अँड शी टुक हिम अप."

"त्याला दुखलं का?"

तिने विचार केला. "नाही. तो गप बसला."

चार वाक्यांत एवढं मराठी ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मी एकही शब्द दुरुस्त केला नाही. पुढे काय, मग काय, किती मोठं, कुठल्या पायाने, असं विचारत राहिले. पाहायला वीस मिनिटं लागली होती. सांगायला चाळीस लागली. शैलाताई मध्ये एकदा चहाचे तीन कागदी पेले घेऊन आल्या आणि ईराने त्यांना हाताने थांबवलं. "वेट, आजी. आय अ‍ॅम टेलिंग हर."

तिसरा दिवस: परत

सकाळची फेरी. समुद्र शांत होता. ईरा खेळायच्या खोलीत, काचेतून आम्हाला दिसेल अशी. शैलाताई आल्याची वडी चघळत माझ्या शेजारी बसल्या होत्या. तो नावाचा कागद त्यांच्या स्वेटरवर तसाच होता.

"काल सकाळी गाडीत मला वास आला होता," त्या एकदम म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळले.

"खिडकी उघडली ती त्यासाठीच. सांगणार होते तुम्हाला. आपल्याला परत मोटेलवर जायला, तुम्हाला गरम पाण्याने पाय धुवायला वेळही होता. नाही सांगितलं."

"का?"

त्यांनी वडी कागदात परत गुंडाळली. "मुग्धा कळा देत होती ना, तेव्हा माझा हात धरून आई, आई करत होती. मी म्हटलं, आहे ना गं मी. तर म्हणाली, तुम्ही नाही. माझी आई." पुढे म्हणाल्या, "चौदा तास हात मी धरला होता सुनंदाताई. अजूनही काही झालं की ती आधी नाशिकला फोन लावते. मग मला कळतं."

मी आयुष्यभर कबुलीजबाब ऐकलेत. कॉपी सापडली की मुलं रडतात, हात जोडतात. असा बिनरडण्याचा मी ऐकला नव्हता. मला राग यायला हवा होता आणि तो आलाही. त्याच्या खालून आणखी काहीतरी आलं. मुग्धा मला आधी फोन लावते, हे मला माहीतच नव्हतं. त्याचा विचार मी पुढे गाडीत, घाटातल्या वळणांवरही करत राहिले आणि तो फार गोड लागला.

"बाम तर मीच लावला होता," बोटीवर मी एवढंच म्हटलं.

"ते आहेच," शैलाताई म्हणाल्या आणि वडी पुन्हा तोंडात टाकली.

ब्लेनहाइमच्या पुढे द्राक्षांचे मळे पिवळे पडले होते. एप्रिलमध्ये जाणार असाल तर तिथे थांबा. परतीच्या वाटेवर मी पुढे बसले. नकाशा वाचायला कुणीतरी लागतं. दशम्या उरल्या होत्या. शैलाताईंनी एका हाताने गाडी चालवत तीन खाल्ल्या. आवडल्या असाव्यात किंवा प्रायश्चित्त असावं. मी विचारलं नाही.

नाशिकला परत आल्यावर

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: भेट दोन महिने आधी ठरवा. फेरीही. गरम कपडे न्या. आणि कागदावर 'वास नको' लिहिलेलं असेल तर आधी स्वतःकडे पाहा.

मत्सर गेला का? नाही. शैलाताई तिथे आहेत, मी इथे. रोज सकाळी ईराची वेणी त्या घालतात. माझ्या हाताला तिच्या केसांची सवय चार आठवड्यांत लागली आणि आता ती कुठे ठेवायची कळत नाही. बाम अजून लावते. आता त्याचा वास मला येतो.

दर रविवारी फोन असतो. पूर्वी ईरा हाय म्हणून पळायची. आता ती पडद्यासमोर बैठक मारून बसते आणि पांडाची गोष्ट पहिल्यापासून सांगते. दर खेपेला पिल्लू जास्त उंचावरून घसरतं. गेल्या रविवारी ते शेंड्यावरून पडलं.

"अगं, शेंड्यावर कुठे होतं?" मागून शैलाताईंचा आवाज आला. "खालच्या फांदीवर तर होतं."

ईरा वळलीही नाही.

"आजी, तू होतीस तिथे. शी वॉजन्ट. मला तिला सांगू दे."

"शैलाताई," मी नाशिकहून म्हटलं, "तिला सांगू द्या."